ट्रेलरचं कुलूप आणि त्याचा शेजारी

किल्ली फिरते, पण पिन हलत नाही. पिन लख्ख आहे, गंजाचा ठिपकाही नाही. भोकाच्या कडेला मात्र पांढरी भुकटी साचलेली. कुलूप स्टेनलेसचं, कपलर (ट्रेलरचं गाडीला अडकणारं तोंड) ॲल्युमिनियमचा आणि दोघांच्या मध्ये समुद्राचं पाणी. बोटीच्या ट्रेलरवर ही बॅटरी आपणच जोडून ठेवलेली असते.

दोन वेगळे धातू टेकले आणि त्यांच्यावर खारी ओल आली की जास्त क्रियाशील असलेला झिजतो, दुसरा वाचतो. समुद्राच्या पाण्यात आधी जस्त झिजतं, मग ॲल्युमिनियम, साधं पोलाद, पितळ आणि सर्वांत शेवटी स्टेनलेस. त्यामुळे पाकिटावरच्या ‘316 मरीन’ला, म्हणजे समुद्रासाठीच्या स्टेनलेसच्या जातीला, भुलू नका. त्यातलं 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम कुलपाला खड्डे पडण्यापासून वाचवतं, कपलरला नाही. झिजलेल्या ॲल्युमिनियमचा क्षार मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो आणि पिन आवळून धरतो. अशा वेळी हातोडा मारला तर कपलरच तडकू शकतो.

ब्रिटिश नौदलाने 1761 साली ‘अलार्म’ जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनी पाहिलं तर लोखंडी खिळे खाऊन गेले होते. पण पत्र्यांना गुंडाळलेला तपकिरी कागद जिथे खिळ्याखाली अडकून राहिला होता, तिथले खिळे शाबूत होते! आजही उपाय तोच: दोन धातूंच्या मध्ये आडोसा, फक्त कागदाऐवजी नायलॉन.

कपलर बंद ठेवणाऱ्या खटक्यात घालायची पिन वजन ओढत नाही. तिथलं भोक बहुधा 6 मिमीच्या आसपास असतं. ते व्हर्नियरने मोजा आणि नायलॉनची नळी बसेल इतकी बारीक पिन घ्या. दोन्ही टोकांना नायलॉनचे वॉशर घाला, कुलपाची बॉडीही कपलरला घासता कामा नये. हिचची (गाडीच्या मागच्या जोडाची) 16 मिमीची पिन मात्र सगळा भार पेलते. ती बारीक करू नका. तिथे पोलादाच्या हिचमध्ये पोलादाचीच, जस्ताचा थर दिलेली पिन घ्या. खाऱ्या पाण्यासाठी क्रोम चढवलेल्या जस्ताच्या ओतीव बॉडीचं कुलूप आम्ही सुचवणार नाही. क्रोमला चीर गेली की आतलं जस्त भराभर झिजतं.

ग्रॅफाइटची पूड कुलपात घालायची जुनी सवय इथे नडते. ग्रॅफाइट वीज वाहतं आणि झिजण्याच्या वरच्या क्रमात स्टेनलेसच्याही पलीकडे बसतं. तांबं मिसळलेलं ग्रीसही ॲल्युमिनियमजवळ नको. किल्लीच्या भोकात टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे मारा, पिनला सिलिकॉन ग्रीस लावा. कुलूप किल्लीचं भोक खाली येईल असं लटकवा, म्हणजे पाणी साचत नाही.

बोट उतरवून झाली की कुलूप काढून गोड्या पाण्याने धुवा. पांढरी भुकटी दिसली तर नायलॉनच्या ब्रशने घासा. पोलादी तारेच्या ब्रशचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथे प्रत्येक कणाभोवती नवी झीज सुरू होते.