ते वचन बायबलमधलं नाही

सोलापुरात एखाद्या ख्रिस्ती घरातला कर्ता माणूस गेला, की भेटायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, “बायबलमध्येच लिहिलंय ना, जो स्वतःला मदत करतो त्यालाच देव मदत करतो. आता तुम्हीच उभं राहायचं, वहिनी.”

हे वाक्य बायबलमध्ये कुठेही नाही. तो आशय इसापच्या गाडीवानाच्या गोष्टीत आहे, आणि बेंजामिन फ्रँकलिनने १७३६च्या आपल्या पंचांगात ते वाक्य छापलं.

बायबल कष्टांच्या विरोधात मात्र नाही. बायबलमधली रूथ बघा. नवरा गेलेला, सासूसोबत परक्या गावी आलेली. जवाच्या कापणीत ती दुसऱ्याच्या शेतात दिवसभर सरवा वेचते, संध्याकाळी झोडून धान्य घरी नेते. पण वेचायला तिथे काही उरलं होतं, कारण शेताच्या कडा पुरत्या कापू नका, पडलेलं गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या, असा नियमच होता (बायबलमधलं लेवीय पुस्तक, अध्याय १९). वर शेताचा मालक बवाज गड्यांना सांगतो, पेंढ्यांतून मुद्दाम थोडं टाकत जा.

बायबलमधल्याच गलतीकरांस पत्राच्या ६व्या अध्यायातही एकमेकांची ओझी वाहण्याची आज्ञा आधी येते, स्वतःचा भार वाहण्याचं नंतर.

विड्या वळून घर ओढणाऱ्या बाईला हे खोटं वचन ऐकवणं मला निर्दयपणाचं वाटतं. ती प्रार्थना करते म्हणजे हातपाय गाळून बसली, असं नव्हे. तिच्याकडे जाताना महिन्याचा किराणा न्या. संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जासाठी मृत्यूचा दाखला काढायचा असेल तर महापालिकेत, उत्पन्नाचा काढायचा असेल तर तहसीलला तिच्यासोबत जा.