घरगुती कॉफी भाजणी

घरगुती कॉफी भाजणी : कॉफीचे कच्चे, हिरवट दाणे घरच्या घरी थोड्या प्रमाणात भाजून पेयासाठी तयार करण्याची पद्धत. एका घाण्यात साधारण ५० ग्रॅमपासून अर्ध्या किलोपर्यंत दाणे भाजले जातात. कारखान्यातली भाजणी आणि ही भाजणी यांत तत्त्वाचा फरक नाही, फरक मापाचा आहे. तो मात्र वाटतो तितका किरकोळ नाही. मोठ्या ड्रममध्ये दाण्यांचा ढीग आणि जाड लोखंड मिळून उष्णता धरून ठेवतात, त्यामुळे तापमान सावकाश चढते आणि सावकाश उतरते. शंभर ग्रॅमच्या घाण्यात दहा-पंधरा सेकंदांची दिरंगाईसुद्धा चवीत उतरते. थोडे दाणे भाजणे सोपे, हा समज म्हणूनच फसवा आहे.

इतिहास : कॉफी घरी भाजणे हा नवा छंद नाही, भाजलेली विकत आणणे हीच तुलनेने अलीकडची सवय आहे. इथिओपिया आणि एरिट्रिया येथील पारंपरिक कॉफी समारंभात आजही दाणे पाहुण्यांसमोर धुतात, निखाऱ्यांवर सपाट तव्यात परततात, धुराचा गंध पाहुण्यांपर्यंत नेतात आणि मग कुटून जेबेना नावाच्या मातीच्या भांड्यात उकळतात. युरोप-अमेरिकेतही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दुकानातून कच्चे दाणे आणून चुलीवर भाजणे सर्रास चालत असे. अमेरिकी यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेकडील सैन्याच्या शिध्याचे प्रमाण ठरलेले होते : दर १०० शिध्यांमागे १० पौंड कच्ची कॉफी किंवा ८ पौंड भाजलेली. भाजताना होणारी पाचव्या हिश्श्याची घट सरकारी हिशेबात अशी आधीच धरलेली दिसते. ती कॉफी चांगलीच गडद भाजली जात असावी, असा तर्क या आकड्यांवरून करता येतो.

चित्र पालटले ते त्याच दशकात. जेबेझ बर्न्स यांनी १८६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अशा भाजणीयंत्राचे एकस्व (पेटंट) घेतले, की ज्यातून दाणे बाहेर काढण्यासाठी ड्रम आगीवरून उतरवावा लागत नसे. पुढे जॉन आर्बकल यांनी भाजलेल्या दाण्यांवर अंडे आणि साखरेचा थर चढवून त्यांचा शिळेपणा लांबवला आणि पाकिटबंद कॉफी दूरवर पोचवली. मग घरोघरच्या भाजणीची गरजच संपली. विसाव्या शतकात डबाबंद दळलेली कॉफी आणि इन्स्टंट पूड आल्यावर कच्चा दाणा कसा दिसतो हेही बहुतेकांना माहीत राहिले नाही.

पुनरागमनाला निमित्त झाले ते स्पेशालिटी कॉफीचे. ही संज्ञा एर्ना नुटसेन यांनी १९७४ मध्ये एका व्यापारी नियतकालिकातून रूढ केली. विशिष्ट भूगोल व हवामानातून विशिष्ट चवीचे दाणे निपजतात, हा तिच्यामागचा विचार. पुढे १०० पैकी ८० किंवा अधिक गुण मिळवणारी कॉफी ती स्पेशालिटी, अशी कसोटी प्रचारात आली. रसायन अभियंता मायकेल सिव्हेट्झ यांनी १९७६ मध्ये गरम हवेच्या झोतावर दाणे तरंगत ठेवून भाजणाऱ्या यंत्राचे एकस्व मिळवले. त्याच तत्त्वावर चालणारे लाह्यांचे घरगुती विजेचे यंत्र नंतर असंख्य हौशी भाजणाऱ्यांचे पहिले साधन ठरले. छोट्या पाकिटांत कच्चे दाणे विकणारे व्यापारी नव्वदीच्या दशकात पुढे आले. ओहायोमधील कोलंबस येथे १९९७ मध्ये सुरू झालेले ‘स्वीट मारियाज’ हे त्यांतले सर्वपरिचित नाव.

कच्चा दाणा : चांगल्या कच्च्या दाण्यात १० ते १२ टक्के ओलावा असतो. ओलावा यापेक्षा जास्त असला तर बुरशीची भीती, फार कमी असला तर भाजताना दाणा भराभर तापतो आणि चव पोकळ लागते. उंचावर, थंड हवेत सावकाश पिकलेला दाणा घट्ट व जड असतो. त्याला सुरुवातीची आच जोरकस लागते. सखल भागातील दाणा सच्छिद्र असतो आणि त्याच आचेवर बाहेरून करपतो. फळासकट वाळवलेल्या, म्हणजे नॅचरल दाण्याचेही तसेच : कडा लवकर काळवंडतात, फोलपट जास्त निघते. धुऊन, गर काढून वाळवलेले म्हणजे वॉश्ड दाणे एकसारखे भाजले जातात. नवशिक्याने सुरुवात याच दाण्यांवर करावी, असे बहुतेक जाणकार सांगतात आणि ते खरे आहे.

कोरड्या, थंड, अंधाऱ्या जागी कच्चा दाणा सहा महिने ते वर्षभर चांगला राहतो. नंतर तो फिकट पडतो आणि पेयाला गोणपाटाची किंवा लाकडाची चव येते. भाजलेल्या कॉफीचा बहर मात्र काही आठवड्यांचाच. घरी भाजण्याचा सर्वांत व्यवहारी फायदा या दोन मुदतींच्या फरकात आहे. पैशांच्या बचतीचा मुद्दा नेहमी पुढे केला जातो. कच्चा दाणा भाजलेल्यापेक्षा स्वस्त मिळतो हे खरे, पण त्यातून भाजताना होणारी घट, बिघडलेले घाणे आणि यंत्राची किंमत वजा केली तर उरणारी रक्कम फारशी मिरवण्याजोगी नसते.

भाजताना काय घडते : सुरुवातीची काही मिनिटे दाणा फक्त उष्णता शोषतो आणि पाणी सोडतो. हिरवा रंग फिका होत होत, दाण्याचे तापमान १५० अंश सेल्सिअसच्या आसपास आले की पिवळा होतो. या वेळी गवताचा वास जाऊन भाजलेल्या धान्याचा वास येऊ लागतो. पुढे शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यात मेयार विक्रिया वेग घेते. कॉफीचा तपकिरी रंग आणि शेकडो गंधद्रव्ये याच टप्प्यात तयार होऊ लागतात. आत वाफ आणि कार्बन डायऑक्साइड कोंडतात, दाबाने दाण्याची घट्ट पेशीरचना फाटते आणि १९६ ते २०५ अंशांच्या दरम्यान लाह्या फुटल्यासारखा ठळक आवाज येतो. हाच फर्स्ट क्रॅक. दाणा फुगतो, मधली चीर उघडते, चंदेरी पापुद्रा सुटून फोलपट होतो.

फर्स्ट क्रॅकपूर्वी काढलेली कॉफी कच्ची, तुरट आणि दळायला चिवट असते. तो सुरू झाल्यापासून दाणे बाहेर काढेपर्यंतच्या काळाला डेव्हलपमेंट म्हणतात. एकूण वेळेच्या १५ ते २५ टक्के हे त्याचे ढोबळ प्रमाण. चवीचा बराचसा निकाल याच दीड-दोन मिनिटांत लागतो. २२५ अंशांच्या आसपास सेकंड क्रॅक येतो. त्याचा आवाज पहिल्यापेक्षा बारीक, कोरडा आणि भराभर असतो, कारण आता दाण्याची काष्ठमय चौकटच तडकत असते. तेल पृष्ठभागावर येऊ लागते, धूर दाट होतो, आणि मळ्याची, जातीची म्हणून जी काही खासियत असते तिच्यावर भाजणीची चव मात करते. दुर्मीळ, महाग दाणे सेकंड क्रॅकपलीकडे नेणे ही उधळपट्टीच म्हणायची.

या साऱ्या प्रवासात क्लोरोजेनिक आम्लांचे विघटन होते, साखर जवळजवळ संपते, सायट्रिकसारखी फळांच्या आंबटपणाची आम्ले घटतात. कॅफीन मात्र जवळपास तेवढेच राहते. गडद कॉफी ‘कडक’ म्हणून तिच्यात कॅफीन जास्त, ही समजूत निराधार आहे. कडकपणा कडवटपणातून जाणवतो.

साधने : सर्वांत साधे साधन म्हणजे जाड बुडाची कढई आणि लांब दांड्याचा झारा. अडचण एकच, पण मोठी : दाण्याचा जो भाग तळाला टेकतो तो करपतो आणि वरचा कोरा राहतो. म्हणून हात क्षणभरही थांबवता येत नाही, आणि एवढे करूनही रंग चट्ट्यापट्ट्याचा येतो. ओव्हनमध्ये दाणे हलतच नाहीत, त्यामुळे तो मार्ग कढईहूनही वाईट. हाताने फिरवायचा जाळीचा किंवा पत्र्याचा ड्रम या दोन्हींपेक्षा बरा.

लाह्यांच्या यंत्रात गरम हवा दाण्यांना सतत उधळत ठेवते, फोलपट आपोआप उडून जाते आणि भाजणी पाच-आठ मिनिटांत उरकते. मात्र यंत्र निवडताना हवा कोठून येते ते पाहावे लागते. भांड्याच्या कडेच्या तिरक्या खाचांतून हवा येत असेल तर दाणे गोल फिरतात. तळाच्या जाळीतून सरळ वर येत असेल तर फोलपट खाली गळून तारेवर पेट घेऊ शकते. शिवाय ही यंत्रे विजेच्या दाबाबाबत हळवी असतात. लांब, बारीक एक्स्टेन्शन वायर वापरली की दाब घटतो, आच मंदावते आणि कालचा सहा मिनिटांचा घाणा आज आठ मिनिटांवर जातो. हिवाळ्यात उघड्यावर भाजले तरी तसेच. खास कॉफीसाठी बनवलेली हॉटटॉप, बेमोर, जीन कॅफे, इकावा, एलिओ बुलेट यांसारखी यंत्रे तापमान नोंदवतात किंवा आखलेला क्रम पाळतात. आर्टिसन या मुक्तस्रोत संगणक-प्रणालीवर आलेख काढून दर मिनिटाला तापमान किती अंशांनी चढते आहे ते पाहता येते. पण तापमापीचा काटा हवेत आहे की दाण्यांत, तो किती जाड आहे, यावर आकडा बदलतो. एका यंत्रावरचे २०० अंश दुसऱ्या यंत्रावर २०० नसतात, आणि उसना आलेख तसाच्या तसा गिरवून तीच चव मिळत नाही.

भाजणाऱ्याची खरी साधने कान आणि नाक. यंत्राच्या पंख्याच्या घरघरीत क्रॅक ऐकू येण्यासाठी कान तयार व्हावा लागतो : एखाददुसरा तुरळक आवाज म्हणजे क्रॅक सुरू झाला असे नव्हे, लागोपाठ फुटू लागले की वेळ मोजायला घ्यायचा. वास आधी पावासारखा, मग आंबटगोड, पुढे उग्र होत जातो. आंबटगोड वास बोचरा वाटू लागला की हात स्विचकडे गेलेला असावा.

डोळ्यांवर भिस्त ठेवू नये. पिवळ्या दिव्याखाली प्रत्येक घाणा गडद वाटतो. कॅफीन काढलेले दाणे मुळातच तपकिरी असतात, त्यामुळे ते फार लवकर ‘झाले’ असे भासतात. सुमात्रातील ओल्या अवस्थेत टरफल काढलेले दाणे उलट दिसायला मागे आणि प्रत्यक्षात पुढे असतात. रंगापेक्षा वजनाचा काटा अधिक प्रामाणिक आहे. १०० ग्रॅम कच्च्या दाण्यांचे भाजून ८७ ग्रॅम भरले तर भाजणी हलकी, ८५ च्या आसपास मध्यम, ८२ किंवा त्याखाली गडद, असा अंदाज बांधता येतो. हे आकडे दाण्याच्या ओलाव्याप्रमाणे थोडे सरकतात. दर वेळी वजन, क्रॅकची वेळ आणि एकूण वेळ लिहून ठेवली तरच पुढचा घाणा मागच्यावरून सुधारता येतो.

दोष : जोरदार आचेने दाण्याच्या पाठीवर काळे डाग पडतात किंवा टोके जळतात. आच फार मंद ठेवून भाजणी लांबवली, विशेषतः क्रॅकनंतर तापमान चढायचे थांबले, तर दोष डोळ्यांना दिसत नाही. पेय मात्र सपक, कोरड्या पावाच्या चवीचे होते. अशा कॉफीला ‘बेक्ड’ म्हणतात. घाण्यात मधूनच राहिलेले फिकट पिवळट दाणे ही भाजणाऱ्याची चूक नसते. ती अपक्व फळांतली बी, साखर कमी असल्याने रंगच धरत नाही. तिला क्वेकर म्हणतात. असे दाणे वेचून टाकावेत. शेंगदाण्याची कागदी चव देऊन ते पूर्ण कप बिघडवू शकतात.

थंड करणे व मुरवणे : आच बंद केली तरी दाणा आतल्या उष्णतेवर भाजला जातच राहतो. म्हणून चारेक मिनिटांच्या आत तो हाताला गार लागला पाहिजे. दोन चाळण्यांत आलटून-पालटून ओतत पंख्यासमोर धरले की काम भागते आणि उरलेले फोलपटही उडते. त्यानंतर दाणे दिवसेंदिवस कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात. घट्ट झाकणाच्या बरणीत लगेच कोंडले तर दाब वाढतो, म्हणून एकदिशा झडपेची पिशवी वापरतात. भाजल्या भाजल्या केलेली कॉफी सर्वोत्तम असते ही कल्पना लोभस, पण चुकीची आहे. सुटणारा वायू पाण्याला पुडीत नीट शिरू देत नाही आणि चव विस्कळीत लागते. फिल्टरसाठी दोन-तीन दिवस, एस्प्रेसोसाठी आठवडाभर थांबलेले बरे. हलकी भाजलेली कॉफी तर याहूनही जास्त मुरते.

धूर व आग : खिडकी, एक्झॉस्ट पंखा किंवा मोकळी गच्ची याशिवाय भाजू नये. मध्यम भाजणीतही धुराचा अलार्म वाजेल इतका धूर होतो. सेकंड क्रॅकनंतर तो पडद्यांत दोन दिवस राहतो. फोलपट अतिशय ज्वालाग्राही असते, म्हणून ते दर घाण्यानंतर काढून टाकावे आणि चालू यंत्र सोडून खोलीबाहेर जाऊ नये. बंद ड्रममध्ये आग लागली तर दार उघडायचे नाही, कारण हवा मिळताच ती भडकते. वीज तोडून आग आतच विझू द्यावी. विजेच्या यंत्रावर पाणी ओतू नये. नॉनस्टिक भांडे यासाठी टाळावे. त्याचा लेप अति तापला की निघणारा वायू पाळीव पक्ष्यांना काही मिनिटांत मारू शकतो. पिंजरा दुसऱ्या खोलीत ठेवला म्हणून धोका टळला, असे समजू नये.