उद्दिष्ट, नियोजन, प्राधान्यक्रम : चालढकलीवरच्या उपायांची पार्श्वभूमी

उद्दिष्ट ठरवा, वेळापत्रक आखा आणि महत्त्वाची कामे आधी करा, म्हणजे चालढकल सुटेल, हा सल्ला आज स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शन वर्गांपासून कार्यालयीन प्रशिक्षणापर्यंत सर्वत्र एका दमात दिला जातो. त्यामुळे ही तिन्ही साधने एकाच विचारातून आणि याच दुखण्यावर इलाज म्हणून निघाली असावीत, असा समज होतो. प्रत्यक्षात त्यांचे उगम वेगवेगळे आहेत. नियोजनाचे तक्ते कारखान्यांत तयार झाले, उद्दिष्टांच्या सिद्धांताचा कस लाकडाचे ओंडके वाहणाऱ्या ट्रकांवर लागला, प्राधान्यक्रमाच्या चौकटीला एका राष्ट्राध्यक्षाचे नाव चिकटले आणि चालढकलीचा अभ्यास या सगळ्यांपासून दूर, समुपदेशकांकडे व विद्यापीठांत वाढला. हे प्रवाह एकत्र आले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस. कोणते साधन कुठवर उपयोगी पडते आणि कुठे अपुरे ठरते, हे समजून घ्यायचे तर हा इतिहास पाहावा लागतो.

दोष मात्र पुरातन आहे. महाभारताच्या शांतिपर्वात तळ्यातल्या तीन माशांची गोष्ट येते. कोळी तळ्याचे पाणी काढून टाकणार हे ओळखून पहिला मासा आधीच निघून जातो, दुसरा ऐनवेळी युक्ती लढवून सुटतो आणि ‘घाई कसली’ म्हणणारा तिसरा, ज्याचे नावच दीर्घसूत्र आहे, प्राणाला मुकतो. पंचतंत्रातही ही गोष्ट आहे, पण तिथला तिसरा मासा यद्भविष्य, म्हणजे दैवावर हवाला ठेवणारा आहे. दैववादी आणि दिरंगाई करणारा यांच्यातला हा फरक महाभारतकारांनी नेमका टिपला आहे, असे म्हणायला हरकत नाही. त्याच पर्वात उद्याचे काम आज आणि दुपारचे सकाळी करावे, कारण कोणाचे काम झाले, कोणाचे राहिले याची मृत्यू वाट पाहत नाही, असा उपदेश आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याच्या लक्षणांमध्ये आळशी आणि दीर्घसूत्री ही दोन्ही विशेषणे स्वतंत्रपणे दिली आहेत. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अकराव्या दशकात पहाटे उठण्यापासून दिवसभराचा क्रमच आखून दिला. बेंजामिन फ्रँकलिन यांनीही अठराव्या शतकात आपल्या आत्मचरित्रात चोवीस तासांचे कोष्टक मांडले, आणि व्यवस्थितपणा हा गुण आपल्याला सर्वांत जड गेल्याचे मोकळेपणाने लिहिले.

या परंपरांमध्ये दिरंगाई हा स्वभावाचा किंवा नीतीचा दोष मानला गेला आणि त्यावरचा उपाय उपदेशाचा किंवा शिस्तीचा राहिला. काम किती, कोणते आधी आणि किती वेळात, असे हिशेब तिथे फारसे नव्हते. ते औद्योगिक युगाने आणले. यंत्र चालू असताना माणूस उशिरा आला की पैसा बुडू लागला, आणि वेळ घड्याळाने व भोंग्याने मोजली जाऊ लागली. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची उभारणी हाती घेतल्यानंतर काही दशकांतच ही शिस्त गिरणगावाच्या अंगवळणी पडली. १९११ मध्ये फ्रेडरिक टेलर यांनी शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे पुस्तकरूपाने मांडली. प्रत्येक कामगाराला दिवसाचे काम आदल्या दिवशीच नेमून द्यावे, हा त्यांतला गाभ्याचा विचार होता. त्यांचे सहकारी हेन्री गँट यांनी कामाची मुदत आडव्या पट्ट्यांनी दाखवणारे तक्ते प्रचारात आणले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेत युद्धसामग्रीच्या उत्पादनासाठी ते वापरले गेले. याच सुमाराचा एक किस्सा व्यवस्थापनाच्या पुस्तकांत हटकून आढळतो : बेथलहेम स्टीलचे प्रमुख चार्ल्स श्वाब यांना आयव्ही ली नावाच्या सल्लागाराने उद्याची सहा कामे महत्त्वाच्या क्रमाने लिहून काढा आणि पहिले संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका, असे सांगितले, आणि त्याबद्दल श्वाब यांनी पंचवीस हजार डॉलरचा धनादेश पाठवला. तो किस्सा म्हणूनच वाचलेला बरा. मात्र एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. टेलर आणि गँट यांच्यापुढे दुसऱ्याकडून काम वेळेत करून घेण्याचा प्रश्न होता. ज्याला काम करायचे आहे, करण्याची मुभाही आहे आणि तरीही जो ते करत नाही, तो माणूस त्यांच्या विचारात नव्हताच.

उद्दिष्टांच्या सिद्धांताबाबतही असेच झाले. ठरावीक लक्ष्य दिले की काम सुधारते, हे ब्रिटनमध्ये सेसिल मेस यांनी १९३५ मध्ये प्रयोगांतून दाखवले होते. पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये उद्दिष्टांनुसार व्यवस्थापनाची कल्पना मांडली. त्यामागचे मानसशास्त्र पद्धतशीरपणे मांडण्याचे श्रेय एडविन लॉक यांच्या १९६८ च्या निबंधाला जाते. ‘जमेल तितके चांगले करा’ या सांगण्यापेक्षा नेमके आणि कठीण लक्ष्य अधिक परिणामकारक ठरते, हा त्यांचा निष्कर्ष होता. तो प्रयोगशाळेबाहेर टिकतो का, याची सर्वांत बोलकी परीक्षा गॅरी लेथम यांनी अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात घेतली आणि ती १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथले ट्रकचालक कायद्याने परवानगी असलेल्या वजनाच्या सुमारे साठ टक्केच ओंडके भरत असत. ओंडके लहानमोठे असल्याने वजनाचा अंदाज चुकण्याची भीती होती आणि जास्त भरले तर दंड होता. ‘जमेल तितके भरा’ ही सूचना सोडून त्यांच्यापुढे ९४ टक्क्यांचे लक्ष्य ठेवण्यात आले. ते न गाठल्यास शिक्षा नाही आणि गाठल्यास पैशाचे बक्षीस नाही, हेही स्पष्ट करण्यात आले. पहिल्या महिन्यात प्रमाण ऐंशीपर्यंत चढले आणि दुसऱ्या महिन्यात सत्तरपर्यंत उतरले. व्यवस्थापन शब्दाला जागते का, हे चालक बहुधा आजमावत होते. कोणालाही शिक्षा झाली नाही, त्यानंतर प्रमाण नव्वदच्या वर गेले आणि तिथेच राहिले.

हा प्रयोग वाचताना आपण हरखून जातो, पण त्यातला चालक रोज सकाळी ट्रकवर हजर होता, हे विसरता कामा नये. त्याने किती भरायचे हा प्रश्न लक्ष्याने सोडवला. ट्रकपाशी जायचे की नाही, हा प्रश्न तिथे उद्भवलाच नव्हता. चालढकल करणाऱ्याचे सगळे घोडे नेमके तिथेच अडते. त्याच्या दृष्टीने अल्बर्ट बंडुरा आणि डेल शुंक यांचा १९८१ चा प्रयोग अधिक उपयोगाचा म्हणावा लागेल. गणिताचा कंटाळा असलेल्या मुलांना त्यांनी ४२ पानांचा अभ्यास दिला. काही मुलांना एकूण ४२ पाने संपवण्याचे, तर काहींना प्रत्येक बैठकीत सहा पानांचे लक्ष्य सुचवण्यात आले. काम तेवढेच होते, पण जवळचे लक्ष्य मिळालेली मुले गणितात पुढे गेली, त्यांचा आत्मविश्वास वाढला आणि नावडत्या विषयात त्यांना रसही वाटू लागला.

प्राधान्यक्रमाची कथा तर नावापासूनच फसवी आहे. तातडीचे आणि महत्त्वाचे अशा दोन कसोट्यांवर कामांचे चार खाने पाडणारी चौकट आयझेनहॉवर यांच्या नावाने ओळखली जाते. १९ ऑगस्ट १९५४ रोजी इव्हान्स्टन येथे जागतिक चर्च परिषदेच्या अधिवेशनात बोलताना राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आपल्यापुढे तातडीचे आणि महत्त्वाचे असे दोन प्रकारचे प्रश्न असतात, तातडीचे महत्त्वाचे नसतात आणि महत्त्वाचे कधीच तातडीचे नसतात, या आशयाचे वाक्य उद्धृत केले. तेही स्वतःचे म्हणून नव्हे, तर एका माजी महाविद्यालय-प्रमुखाचे म्हणून. त्या भाषणात खाने नव्हते आणि कोष्टकही नव्हते. चार खान्यांची ही मांडणी घरोघरी पोहोचली ती स्टीफन कव्ही यांच्या १९८९ च्या पुस्तकामुळे.

सरकारी कारभाराने हा विचार कसा उचलला, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणून ओळखला जाणारा, बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम, कोणतीही फाइल सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ एका कर्मचाऱ्याकडे पडून राहू नये, असे सांगतो. तत्काळ फाइल शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी आणि तातडीची फाइल चार दिवसांत निकाली काढावी, अशी त्यात अपेक्षा आहे. नागरिकांच्या दृष्टीने तरतूद रास्तच आहे. परंतु तिची उतरंड तातडीची आहे, महत्त्वाची नाही. १९५४ च्या त्या वाक्यातला पेच इथे कायम राहतो, आणि कायद्याच्या भाषेत तो सोडवणे कठीणच असावे.

चालढकलीकडे रोग म्हणून नव्हे तरी एक स्वतंत्र प्रश्न म्हणून पाहण्याची सुरुवात बरीच उशिरा झाली. न्यूयॉर्कमधील मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस आणि विल्यम नॉस यांनी १९७७ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले. काम सोपे आणि सुखकारकच असले पाहिजे, या हट्टाला आणि अपयशाने आपली किंमत कमी होते या समजुतीला त्यांनी जबाबदार धरले. १९८४ मध्ये लॉरा सॉलोमन आणि एस्थर रॉथब्लम यांनी ३४२ विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यांपैकी ४६ टक्क्यांनी सत्रनिबंध लिहिणे आपण नेहमी किंवा जवळजवळ नेहमी पुढे ढकलतो, असे सांगितले. कारणांमध्ये अपयशाची भीती आणि कामाची नावड ठळकपणे पुढे आली.

अर्थशास्त्रज्ञ या विषयाकडे वळले त्याला भारतातला एक प्रसंग निमित्त झाला. जॉर्ज अकरलॉफ भारतात राहत असताना त्यांना भेटायला आलेले जोसेफ स्टिग्लिट्झ कपड्यांचे एक खोके मागे ठेवून गेले. ते अमेरिकेला पाठवायचे तर इथली कार्यालयीन दगदग आणि स्वतःचा गबाळेपणा पाहता एक अख्खा दिवस मोडेल, असा अकरलॉफ यांचा अंदाज होता. आठ महिन्यांहून अधिक काळ रोज सकाळी ते खोके उद्या पाठवायचे ठरवत राहिले. अखेर परत निघालेल्या दुसऱ्या एका मित्राच्या सामानाबरोबर ते रवाना झाले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात त्यांनी याचा उलगडा केला : आजचा त्रास नजरेत भरतो, उद्याचा धूसर दिसतो, त्यामुळे रोजचा निर्णय त्या दिवसापुरता शहाणपणाचा वाटतो आणि अशा अनेक शहाण्या निर्णयांची बेरीज मात्र मूर्खपणाची होते. दहा वर्षांनी या दोघांना, मायकेल स्पेन्स यांच्यासह, अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. अर्थात ते वेगळ्या कामासाठी.

पुढे टेड ओडोनह्यू आणि मॅथ्यू रेबिन यांनी २००१ मध्ये या विचाराला एक अनपेक्षित जोड दिली. माणूस क्षुल्लक कामापेक्षा महत्त्वाच्या कामातच अधिक चालढकल करण्याचा संभव असतो, कारण महत्त्वाच्या कामासाठी तो मोठा बेत आखतो, आणि बेत जितका मोठा तितका आज सुरुवात करण्याचा त्रास मोठा. ‘महत्त्वाचे आधी’ हा सल्ला म्हणूनच एकट्याने पुरा पडत नाही. पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये केलेल्या विस्तृत विश्लेषणात कामाची नावड, फळ मिळायला लागणारा वेळ, स्वतःच्या क्षमतेवरचा अविश्वास आणि उतावीळपणा यांचा चालढकलीशी घट्ट संबंध आढळला. लोक ज्याला हमखास दोष देतात त्या परिपूर्णतेच्या हव्यासाचा मात्र फारसा नाही. २०१३ मध्ये फ्युशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल यांनी चालढकल हा मुळात वेळेच्या हिशेबाचा नव्हे, तर तत्काळ मन हलके करून घेण्याचा प्रकार आहे, असे प्रतिपादन केले.

नियोजनाच्या बाबतीत संशोधनाने जरा गर्वहरणच केले. कामाला लागणारा वेळ माणूस सतत कमी धरतो, हे डॅनियल काहनमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले होते. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना अंदाज विचारले. सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा निघाला, सगळे काही बिघडले तर ४८.६ दिवसांचा, प्रत्यक्षात ५५.५ दिवस लागले. बारा-बारा तासांच्या अभ्यासाची वेळापत्रके भिंतीवर चिकटवणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना हे आकडे ओळखीचे वाटतील. डॅन अॅरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांनी २००२ मध्ये आणखी एक बारकावा दाखवला : विद्यार्थी दंडाचा धोका पत्करूनही स्वतःवर मुदती लादून घेतात आणि त्यांचा उपयोगही होतो, पण बाहेरून दिलेल्या, समान अंतराच्या मुदतींइतका नाही.

या सगळ्यांत चालढकलीच्या मर्मावर बोट ठेवणारे साधन पीटर गोलवित्सर यांचे आहे. ‘हे करायचे आहे’ एवढा संकल्प पुरत नाही. अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक घडले की मी हे करीन, असे आधीच ठरवून ठेवावे लागते, हा त्यांचा मुद्दा. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळची पूर्वसंध्या कशी घालवली याचे टिपण दोन दिवसांत लिहून पाठवायचे होते. कुठे आणि केव्हा बसून लिहिणार, हे ज्यांच्याकडून आधी ठरवून घेतले होते, त्यांच्यापैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणांनी ते वेळेत लिहिले. बाकीच्यांपैकी सुमारे एक-तृतीयांशांनीच. इथे नियोजन म्हणजे दिवसभराचे कोष्टक नसून केवळ सुरुवातीचा क्षण बांधून ठेवणे आहे, आणि ट्रकचालकांच्या प्रयोगात न आलेला प्रश्न हाच होता.

२०१८ मध्ये वेंडेलियन फान एर्डे आणि कात्रिन क्लिंगझीक यांनी चालढकल कमी करण्याच्या उपायांवरील २४ अभ्यासांचा एकत्रित विचार केला. त्यात सर्वांत जास्त गुण आलेला दिसला तो विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणाऱ्या बोधात्मक वर्तन उपचारांचा, ज्यांची एक मुळी थेट एलिस यांच्या कामापर्यंत पोहोचते.