परिणाममापन, लोकप्रयत्नांचे (मराठवाडा)

दारिद्र्य व विषमता कमी करण्यासाठी गावकरी, बचत गट, स्वयंसेवी संस्था आणि लोकसहभागी शासकीय योजना जे काम करतात, त्यामुळे लोकांच्या स्थितीत कोणता व किती फरक पडला हे ठरविण्याची पद्धती. किती बंधारे झाले, किती गट स्थापन झाले ही कामाची मोजदाद होय. कुटुंबाचे उत्पन्न, कर्ज, आरोग्य वा जमिनीवरील हक्क यांत झालेल्या बदलाचा जेवढा भाग त्या कामाच्या पदरात टाकता येतो, तेवढाच त्याचा परिणाम. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत या दोहोंची गल्लत सर्रास आढळते.

आरंभ : या मापनाचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. हैदराबाद संस्थानात एस. केशव अय्यंगार यांनी १९२९–३० च्या सुमारास आर्थिक पाहणी केली. परंतु ती स्थितीची पाहणी होती, एखाद्या उपायाची परीक्षा नव्हे. १९४९ मध्ये जागिरी संपुष्टात आल्या व १९५० मध्ये कूळकायदा आला. या सुधारणांच्या आर्थिक-सामाजिक परिणामांचा ए. एम. खुसरो यांचा अभ्यास १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. परिणाम हाच विषय असलेला हा आरंभीचा नमुना म्हणता येईल. मात्र त्यात तपासला गेला तो कायदा, लोकांचा प्रयत्न नव्हे.

आरंभाचा तिसरा दावा प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या वि. म. दांडेकर समितीचा (नेमणूक १९८३, अहवाल १९८४). राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा जेवढा मागे तेवढा त्याचा ‘अनुशेष’, हे सूत्र समितीने रूढ केले. एकूण ३,१८६.७८ कोटी रुपयांच्या अनुशेषात मराठवाड्याचा वाटा ७५०.८५ कोटी, म्हणजे सुमारे २३.५६ टक्के होता. येथील राजकीय भाषेत हा आकडा अनेक वर्षे वावरला. पण अनुशेष सोयींचा मोजला जातो, माणसांचा नव्हे. जिल्ह्याची सरासरी सुधारली तरी एखादा तांडा होता तेथेच राहू शकतो, आणि सरासरीला त्याचा पत्ता लागत नाही.

लोकप्रयत्नांपुरते बोलायचे तर ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरचे पुनर्वसन हा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या त्या कार्यक्रमात घरदुरुस्तीची माहिती गावात पोहोचविणे व लोकांचे म्हणणे वर कळविणे यांसाठी गावातील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. लाभार्थीच नोंद ठेवणार, ही कल्पना लातूर-उस्मानाबाद (आता धाराशिव) भागात त्यानंतर रुळली.

एकक व हंगाम : मापनातील खरी अडचण येथे आहे. २००२ च्या दारिद्र्यरेषा पाहणीत १३ निकष होते. प्रत्येकी ० ते ४, म्हणजे कमाल ५२ गुण. कमी गुण म्हणजे अधिक गरीब. अंगावरच्या कपड्यांपासून स्थलांतराच्या कारणापर्यंत सारे विचारले जाई. (गुण कमी पडण्यातच फायदा असल्याने उत्तरे कशी येत, हे पाहणीला गेलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.) बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणारे जोडपे ‘एक कोयता’ धरले जाते, उचल (तोडीपूर्वी दिलेली आगाऊ रक्कम) कोयत्यावर मिळते, हिशेबही कोयत्याचाच होतो. त्यामुळे स्त्रीची मजुरी वेगळी दिसत नाही. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात त्या उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. मधल्या काळात पाहणी केली तर दारांना कुलपे, आणि गावात म्हातारी माणसे. तेव्हा गावाचा नमुनाच बदललेला असतो. शिवाय हाती आलेली उचल उत्पन्न म्हणून नोंदली गेली तर कुटुंब सुधारल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात ते कर्ज असते. पट्टा पडल्यावर (कारखान्याचा गळीत हंगाम संपल्यावर) उचल फिटली की अंगावर राहिली, हा प्रश्न वार्षिक उत्पन्नापेक्षा अधिक सांगून जातो, म्हणून तो विचारणाऱ्या पाहण्या जास्त विश्वसनीय समजाव्यात.

पाणलोटाच्या कामात हीच अडचण पावसाच्या रूपाने येते. २०१२ किंवा २०१५ सारखे अवर्षणाचे वर्ष पायाभूत धरले तर पुढे काहीही केले तरी विहिरींची पातळी वाढलेलीच दिसेल. जालना जिल्ह्यातील कडवंची येथे भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमाखाली काम झाले. तेथील द्राक्षबागा व शेततळी यांमुळे ते गाव नेहमी उदाहरणादाखल दिले जाते. मात्र एका यशस्वी गावावरून पद्धतीचा निष्कर्ष काढता येत नाही. शेजारच्या, काम न झालेल्या तशाच गावाशी तुलना हवी. भूमिहीन कुटुंबाच्या हाती त्या पाण्याचे काय लागले, हे वेगळे तपासावे लागते.

बचत गट : माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ, स्थापना १९७५) व उमेद (राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, २०११) यांच्या गटांची प्रतवारी नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेबलेखन या पंचसूत्रीवर होते, उमेदमध्ये तिची पुढे दशसूत्री झाली. प्रतवारी गटाची प्रकृती सांगते, सभासद बाईच्या घरची नव्हे. घरची स्थिती जाणण्यासाठी गावफेरी, सामाजिक नकाशा (गावकऱ्यांनी काढलेला घरांचा व वस्त्यांचा नकाशा) व संपत्ती क्रमवारी (घरांची सांपत्तिक स्थितीनुसार लावलेली उतरंड) ही साधने वापरतात. बैठक चावडीवर भरली की मांगवाडा वा पारध्यांची पालं नकाशात उशिरा येतात, किंवा येतच नाहीत.

विषमता : या अंगाची साधने अपुरी आहेत. २०२१ पासून प्रसिद्ध होणारा नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक १२ निदर्शकांवर आधारलेला असून तो जिल्ह्यापर्यंत उतरतो, गावापर्यंत नाही. दलितांच्या गायरान जमिनींच्या लढ्यात (एकनाथ आव्हाड यांचे मानवी हक्क अभियान हे त्यातील ठळक नाव) मोजमाप गावदप्तरातच सापडते : गाव नमुना एक-ई (अतिक्रमणांची नोंदवही) मध्ये अतिक्रमण म्हणून असलेले नाव सातबाऱ्यावर आले की नाही. सातबाऱ्यावर नाव असूनही जमीन दुसराच कसतो अशी प्रकरणे दप्तरात दिसत नाहीत. त्यांसाठी पीकपेरा आणि प्रत्यक्ष बांधावरची चौकशी ताडून पाहावी लागते.