ओबोन जुलैत की ऑगस्टमध्ये? आधी शहर ठरवा

जपानच्या सणांच्या बेताने सहल आखणाऱ्यांच्या गप्पांत एक गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो. कुणी '१३ ते १६ जुलै' वाचून ओबोन या पूर्वजांच्या सणासाठी क्योटोची तिकिटं काढतं. कुणी छातीठोकपणे सांगतं, 'पौर्णिमेचा सण आहे, पंचांग बघा, तारीख दर वर्षी सरकणारच.' दोन्ही चूक.

पूर्वज घरी येतात ही कल्पना पितृपक्ष पाळणाऱ्यांना समजावून सांगायला नको. त्यांना सन्मानाने निरोप देतात, त्या दिवसांत गावं रस्त्यावर उतरून नाचतात, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

अडतं ते तारखेपाशी. जुन्या चांद्र दिनदर्शिकेत ओबोन सातव्या महिन्याच्या पंधराव्या दिवसाच्या आसपास येई. १ जानेवारी १८७३ पासून जपानने ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली आणि सणाला तीन वाटा फुटल्या. टोकियोने महिन्याचा आकडा धरला. सातवा महिना म्हणजे जुलै, म्हणून १३ ते १६ जुलै. बहुतेक देशाने ऋतू धरला. जुना सातवा महिना बहुधा ऑगस्टच्या सुमारास पडायचा, म्हणून तारीख सरळ एक महिना पुढे नेली आणि १३ ते १६ ऑगस्ट अशी कायमची ठरवली. दक्षिणेच्या ओकिनावा बेटांनी मात्र चंद्र सोडला नाही. तिथे ओबोन २०२४ मध्ये १६ ते १८ ऑगस्टला होतं आणि २०२५ मध्ये ४ ते ६ सप्टेंबरला.

म्हणजे पंचांग उघडायचं ते ओकिनावाला जायचं असेल तरच. ऑगस्टच्या ओबोनला 'चांद्र ओबोन' म्हणणं सर्रास चालतं, आणि ते वाचून लोक भलत्याच आठवड्याची रजा टाकतात. त्या चार दिवसांत आकाशात अमावास्या असो की पौर्णिमा, तारीख हलत नाही. तानाबाता या ताऱ्यांच्या सणाचंही तसंच. टोकियोजवळच्या हिरात्सुकात तो जुलैत, सेंदाईत ६ ते ८ ऑगस्टला.

आता बेताकडे. टोकियोतलं जुलैचं ओबोन मुख्यतः घरातलं आणि देवळातलं. मोहल्ल्यांतले बोन ओदोरी, म्हणजे ओबोनचे सामूहिक नाच मात्र जुलै-ऑगस्टभर कुठे ना कुठे चालू असतात, त्यावरून ओबोनची तारीख ताडू नका. जुलैत क्योटोला गेलात तर गिओन मात्सुरी मिळेल, १७ आणि २४ तारखेला भव्य रथांची मिरवणूक. बघण्यासारखीच आहे, पण ते ओबोन नव्हे. क्योटोचं ओबोन संपतं १६ ऑगस्टला. रात्री आठपासून शहराभोवतीच्या पाच डोंगरांवर एकेक करून अग्नी पेटवतात आणि त्या उजेडात पूर्वजांना निरोप देतात.

एकच जागा निवडायची तर मी गिफू प्रांतातलं गुजो हाचिमान निवडेन. १३ ते १६ ऑगस्ट या चार रात्री तिथे पहाटेपर्यंत नाच चालतो आणि वर्तुळात कुणीही शिरू शकतं. पुढच्याचे पाय बघत शिकायचं. युनेस्कोने २०२२ मध्ये जपानमधले जे पारंपरिक नाच वारसा यादीत घेतले, त्यांत हाही आहे. तोकुशिमाचा आवा ओदोरी (१२ ते १५ ऑगस्ट) जास्त गाजलेला आहे, पण तिकीट काढून मांडवात बसून नाच बघणं आणि स्वतः नाचणं यांत माझा कौल नाचण्यालाच.

प्रवासाचं गांभीर्याने घ्या. ओबोनला सरकारी सुट्टी नसते, दिनदर्शिकेत दिसतो तो फक्त ११ ऑगस्टचा पर्वत दिन. तरीही कचेऱ्या बंद होतात आणि सगळा देश गावी निघतो. या गर्दीच्या दिवसांत नोझोमी या शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) गाडीचे सगळे डबे आरक्षित असतात. आरक्षण महिनाभर आधी जपानच्या सकाळी दहाला उघडतं, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला. गुजो छोटं गाव आहे, मुक्कामाच्या जागा मोजक्याच, त्यामुळे खोली त्याच्याही कितीतरी आधी धरायला हवी.