गॅस संपलाय की जाळी तुंबलीय?

उन्हाळ्यात एसी गार करेनासा झाला की मेकॅनिक येतो, इनडोअरसमोर हात धरतो आणि म्हणतो, "साहेब, गॅस संपलाय." हे एक वाक्य ऐकून मी लागोपाठ दोन उन्हाळे पैसे मोजलेत.

एसीतला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा जळून संपत नाही. तो बंद तांब्याच्या नळीत फिरत राहतो, खोलीतली उष्णता उचलतो, बाहेर नेऊन टाकतो आणि परत येतो. फ्रिजमध्येही असाच गॅस असतो, पण फ्रिजमध्ये दरवर्षी गॅस भरून घेणारं घर पाहिलंय कुणी? एसीतला गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळतोय. आणि गळत नसेल, तर बऱ्याचदा दुखणं धुळीचं असतं. घरात बसून दोन्हींची तक्रार एकच वाटते, 'गार होत नाही', पण एकाला नळाचं पाणी पुरतं आणि दुसऱ्याला जाणकार माणूस लागतो.

फरक आधी हातालाच कळतो. एसी कूल मोडवर, १८ अंशांवर, पंखा जोरात ठेवून वीस मिनिटं चालवा. मग पात्यांसमोर हात धरा. वारा मरतुकडा, पण जेवढा येतो तेवढा गार असेल, तर जाळी (आतला धुळीचा फिल्टर) किंवा तिच्यामागची कॉइल (हवा गार करणाऱ्या नळ्यांचा गुंडाळा) तुंबली आहे. वारा दणकून येतोय पण कोमट, तर संशय गॅसवर, नाहीतर बाहेरच्या युनिटवर. हाताचा भरवसा नसेल तर साधा खोलीचा थर्मामीटर घ्या. आधी वरच्या बाजूला, जिथून एसी हवा ओढतो तिथे धरा, मग पात्यांसमोर. धडधाकट एसीत या दोन आकड्यांत साधारण ८ ते १२ अंशांचं अंतर पडतं. वारा भरपूर असून अंतर तीन-चार अंशांवर आलं असेल, तर फिल्टर धुऊन काही होणार नाही.

खरी फसगत बर्फाने होते. कॉइलवर बर्फ दिसला की लोकांना वाटतं, एसी जास्तच गार करतोय. उलट आहे. वारा अडला की कॉइलला खोलीची उष्णता मिळत नाही, ती शून्याखाली जाते आणि हवेतली वाफ तिच्यावर गोठते. गॅस कमी झाला की नळीतला दाब उतरतो, आणि कॉइलचा गॅस शिरतो तेवढाच भाग अतिथंड होतो. म्हणजे बर्फ दोन्हीकडे. साधारणपणे धुळीचा बर्फ कॉइलभर पसरतो आणि गळतीचा एका कोपऱ्यात, किंवा बाहेरच्या युनिटला जोडलेल्या बारीक नळीवर दिसतो. तरी नुसतं बघून निकाल देऊ नका. कूलिंग बंद करून फक्त पंखा तीन-चार तास चालू ठेवा, बर्फ आपोआप वितळू द्या (स्क्रू-ड्रायव्हरने खरवडायला गेलात तर नसलेली गळती तुम्हीच कराल), जाळी धुऊन पूर्ण वाळवा आणि मग लावा. पुन्हा बर्फ धरला तर घरगुती उपाय संपले.

गळतीची आणखी एक खूण फारशी कुणी पाहत नाही. गॅससोबत कंप्रेसरचं, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचं, तेलही फिरतं. नट सैल असेल किंवा नळीला बारीक भोक असेल, तर तिथे तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. बाल्कनीतून हात न लावता टॉर्चने दिसत असेल तर बघा. समुद्राजवळच्या घरांत, मुंबईपासून गोव्यापर्यंत, खारी हवा कॉइल खाते, त्यामुळे तिथे गळतीचा संशय लवकर धरलेला बरा.

जाळी आपण धुवायची, उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी. कॉइलच्या पट्ट्यांमध्ये आणि आतल्या ब्लोअरवर बसलेला थर मात्र जेट पंपवाल्या सर्व्हिसचं काम. गॅसला तर हातच लावायचा नाही. आजच्या बहुतेक नव्या एसीत आर-३२ असतो, तो पेट घेऊ शकतो. काही एसीत आर-२९० असतो, तो तर प्रोपेनच, सहज पेटणारा. बाहेरच्या युनिटचं झाकणही उघडू नका. आतला कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतो.

बोलावलेला माणूस थेट सिलिंडर घेऊन बसला तर त्याला थांबवा. आधी नायट्रोजनचा दाब आणि साबणाचा फेस लावून गळती शोधायची, ती बंद करायची, व्हॅक्यूम ओढायचा (पंपाने नळीतली हवा काढून टाकायची) आणि मग वजनकाट्यावर मोजून गॅस भरायचा. किती ग्रॅम, ते आउटडोअरच्या पाटीवर छापलेलं असतं. गळती तशीच ठेवून वरचेवर गॅस भरला तर पैसे जातातच, शिवाय कंप्रेसर कमी गॅसवर धापा टाकत तापतो. तो गेला की खर्चाचा आकडा ऐकून घाम फुटतो.

नागपूर-चंद्रपूरकडच्यांसाठी एक वेगळी गोष्ट. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. मे महिन्यात पारा ४५ वर असताना, त्यात आउटडोअर पश्चिमेच्या भिंतीवर तळपत असेल, तर एसी दुपारी कमी पडणारच. रात्री तोच एसी नीट चालत असेल तर कुणालाही बोलावू नका.

माझ्याकडे तिसऱ्या उन्हाळ्यात आलेल्या पोराने दाब मोजणारं गेज लावायच्या आधी साबणाचं पाणी मागितलं. आउटडोअरमागच्या नटावर बुडबुडा आला. तिथे नळीचं तोंड चिरलं होतं. त्याने ते कापून नव्याने घडवलं, गॅस मोजून भरला आणि जाता जाता जाळी काढून माझ्या हातात दिली. ती मी दिवाळीपासून धुतलीच नव्हती.