खेळण्यातल्या आगगाडीत तेल घालू नका
(सेलवर चालणाऱ्या गाड्या दुरुस्तीला आणणाऱ्या ग्राहकांसाठी)

‘गाडी अडकत होती म्हणून थेंबभर तेल सोडलं, तर आता अजिबातच हलत नाही.’ काउंटरवर गाडी ठेवताना हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं आहे की शेवटी हा कागद छापून घेतला.

आधी घरी दोन गोष्टी बघा, कदाचित चक्कर वाचेल. पहिली गोष्ट सेल. भिंतीवरच्या घड्याळात चालतो म्हणून तो गाडीत चालेलच असं नाही. घड्याळाला नावापुरता करंट लागतो, मोटर त्याच्या कितीतरी पट ओढते. जुना सेल मीटरवर १.४ व्होल्ट दाखवतो आणि मोटर सुरू झाली की बसतो. बदलायचे तर सगळे एकदम आणि एकाच जातीचे बदला. नव्यांत एक जुना राहिला की तो आधी संपतो आणि बहुतेकदा तोच गळतो. चार्ज होणारे नेहमीचे पेन्सिल सेल १.२ व्होल्टचे असतात, म्हणजे तीन मिळून ४.५ ऐवजी ३.६ व्होल्ट. त्यांवर गाडी जरा संथ चालली तर तो बिघाड नव्हे. दिसायला पेन्सिल सेलएवढाच पण ३.७ व्होल्टचा लिथियम सेल मात्र त्या जागी कधीही घालू नका.

दुसरी गोष्ट केस. गाडी उलटी करून चाकांच्या दांडीकडे बघा. लांब केस, सतरंजीचे दोरे तिथे घट्ट गुंडाळलेले असतात. चिमट्याने हळूहळू ओढून काढा. पुष्कळ गाड्या एवढ्यानेच पळू लागतात आणि एवढ्या कामाचे आम्ही पैसेही घेत नाही.

आता तेलाचं. मागच्या डिसेंबरात एक आजोबा नातवाचं इंजिन घेऊन आले. सकाळी हलत नाही, दुपारी आपोआप चालतं, सेल दोनदा बदलून झाले, असं त्यांचं म्हणणं. खालचे स्क्रू काढले तर गिअरच्या दातांत थिजलेल्या तुपासारखा पांढरा थर, आणि खोबरेलाचा वास. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. थंडीत आपण बाटली उन्हात ठेवतो ती त्याचसाठी. गाडीतही तेच होत होतं. सकाळी गिअर जाम, ऊन चढलं की मोकळे. आजोबांनी सायकलच्या चेनला घालावं तसं काळजीनेच घातलं होतं. पण ही सायकल नव्हे.

शिलाई मशीनचं तेल थिजत नाही, पण ते पसरतं, आणि ते जास्त वाईट. मोटरच्या आत तांब्याच्या तीन पट्ट्यांची छोटी गोल फिरकी असते आणि तिला दोन बारीक ब्रश टेकलेले असतात. वीज तिथूनच आत जाते. तेल तिथे पोचलं की झिजलेल्या ब्रशची भुकटी त्यात मिसळून काळा चिखल होतो आणि पट्ट्यांमधल्या फटी भरतात. मग मोटर गरम होते, सेल लवकर उतरतात, गाडी मात्र जागच्या जागी थरथरते. तेच तेल चाकांवरच्या रबरी रिंगांना लागलं की रबर फुगून सैल होतं आणि चाक नुसतं गरगरतं. खऱ्या इंजिनाचं चाक रुळावर घसरू लागलं तर पकड यावी म्हणून वाळू सोडतात. आपण घरी नेमकं उलटं करून बसतो.

गाडी आवाज करते म्हणून तेल घालावंसं वाटतं, हे आम्हाला कळतं. पण ‘किर्र-किर्र’ आवाज आणि चाक मधूनच थांबणं याचं कारण बहुधा मोटरच्या दांडीवरच्या इवल्याशा गिअरला गेलेला तडा असतं. तो गिअर बदलावाच लागतो. वंगण हवं तिथे आम्ही प्लॅस्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावतो, तेही टूथपिकच्या टोकावर मावेल इतकंच.

‘एवढ्याशा गाडीला दोन दिवस कशाला?’ असं विचारतात. तेल घातलेली गाडी पूर्ण सुटी करावी लागते. एकेक दात पुसायचा, सुकू द्यायचं, जोडून बराच वेळ चालवून बघायचं. हे घाईत केलं तर ती आठवड्यात परत येते. तपासणीचे १०० रुपये त्या वेळेचे आहेत. काम करून घेतलंत तर ते बिलातून वजा होतात. आम्ही बदललेली मोटर तीन महिन्यांत बिघडली तर पुन्हा पैसे घेत नाही, पण आत नवं तेल सापडलं तर ही हमी लागू नाही.

गाडी माळ्यावर ठेवताना सेल काढा. सेल गळला की स्प्रिंग तर खराब होतेच, पण गंज वायरच्या आवरणाखालून आत सरकतो. तांबं काळं पडतं आणि त्यावर सोल्डर धरत नाही, म्हणून ‘एकच टोक तुटलं होतं’ तरी आम्ही अख्खी वायर बदलतो. गळलेल्या सेलवर जमणारी पांढरी पूड मुलांना हाताळू देऊ नका.

सेलच्या झाकणाचा स्क्रू परत बसवल्याबद्दल काहीजण कुरकुरतात. तो राहू द्या. शिट्टीसाठी बटण सेल असलेल्या गाडीत तर हवाच, कारण असा सेल मुलाने गिळला तर जिवावर बेतू शकतं. नवी गाडी घेताना आयएसआय खूण बघून घ्या, १ जानेवारी २०२१ पासून ती खेळण्यांवर सक्तीची आहे.

रबरी रिंग, छोटे गिअर, स्प्रिंगा, मोटरी आमच्याकडे सुट्या मिळतात. दुकानात नवी मिळत नाही अशी जुनी गाडीही घेऊन या, बऱ्याचदा जुळणारा गिअर निघतो. येताना नुसतं इंजिन आणू नका, ज्या वळणावर ते अडतं तिथले दोन-तीन रूळही आणा. जोडावर एक रूळ नखभर वर आला असला तर बिघाड इंजिनात नसतोच.